नापोलीत पहिल्यांदा जाताना

आपण ज्याला नेपल्स म्हणतो, ते तिथल्या माणसांचं नापोली. आपल्याकडच्या सहलींमध्ये हे शहर बसच्या खिडकीतून दिसतं तेवढंच. सकाळी रोमहून निघायचं, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईचे अवशेष बघायचे, जमलं तर काप्री बेटाची बोट धरायची आणि रात्री परत रोम. मी आणि आई एका ऑक्टोबरात तिथे सहा रात्री राहिलो. आई सत्तरीला आलेली, गळ्यात तुळशीची माळ, गुडघे दुखरे, आणि परदेश प्रवास पहिलाच. परत आल्यापासून नात्यातले, ओळखीचे कितीतरी लोक विचारतात : कसं जायचं, शाकाहारी माणसानं खायचं काय, चोऱ्यामाऱ्या फार होतात म्हणे, खरं का? त्या सगळ्यांसाठी हे क्रमाने लिहिते आहे.

माझा आग्रह एकच आहे. या शहराला दिवस द्या आणि त्याच्या घड्याळाने चाला. अडीच हजार वर्षं लोक त्याच गल्ल्यांतून ये-जा करत आले आहेत. तिथे अर्ध्या दिवसात फक्त गर्दी आणि कचरा दिसतो, आणि तेवढंच बघून परतलेली माणसं मग तेच सांगत सुटतात.

१. आधी दिवस आणि महिना ठरवा

शहरासाठी चार पूर्ण दिवस, पॉम्पेईसाठी एक. यापेक्षा कमी दिवस असतील तर काप्री सोडा, पण शहर सोडू नका.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे महिने चांगले. ऑगस्ट टाळाच. ऊन कडक असतं, आणि १५ ऑगस्टच्या सणाच्या आगेमागे घरगुती खाणावळी आणि छोटी दुकानं कुलूप लावून समुद्रावर गेलेली असतात. डिसेंबरात नाताळचा बाजार बघण्यासारखा असतो, पण जुन्या गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते.

वारही बघून घ्या. पुरातत्त्व संग्रहालय आणि सान्सेवेरो चॅपेल मंगळवारी बंद असतात, सान मार्तिनोचा मठ बुधवारी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांना प्रवेश मोफत असतो आणि म्हणूनच त्या दिवशी रांगा लांबच लांब लागतात.

व्हिसा शेंगेनचा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. उन्हाळी सुट्टीत भेटीची वेळ मिळता मिळत नाही, म्हणून तिकिटांच्या आधी व्हिसा केंद्राच्या तारखा बघा. आम्ही उलटं केलं आणि तीन आठवडे जीव टांगणीला लागला.

२. घर कुठे घ्यायचं

रोमहून वेगवान गाडीने नापोली सव्वा तासाच्या आसपास आहे. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. गाडी जिथे पोहोचते त्या मध्यवर्ती स्थानकासमोर गारिबाल्दी चौक आहे. तिथे हॉटेलं स्वस्त मिळतात, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथे राहू नये असं माझं मत. रात्री तिथली वर्दळ अनोळखी माणसाला दडपण आणते. दांते चौक, मोंतेसांतो किंवा संग्रहालयाचा परिसर घ्या. तिथून जुनं शहर पायी पाच-दहा मिनिटांवर आणि मेट्रो दाराशी.

खोली ठरवताना दोन प्रश्न विचाराच. लिफ्ट आहे का? खोली रस्त्याकडे आहे की आतल्या चौकाकडे? जुन्या इमारती पाच-सहा मजली आहेत आणि एकेक मजला आपल्या दीड मजल्याएवढा. लिफ्ट असली तरी काही इमारतींत ती नाणं टाकल्याशिवाय हलत नाही, म्हणून खिशात दहा-वीस सेंटची चिल्लर ठेवा. रस्त्याकडच्या खोलीत रात्री एकपर्यंत स्कूटर आणि गप्पा ऐकू येतात. आम्हाला आतल्या चौकाकडची खोली मिळाली. सकाळी समोरच्या सज्जात एक आजी दोरीवर कपडे वाळत घालायच्या आणि आईला हात करायच्या. तिसऱ्या दिवसापासून आईच आधी हात करायला लागली.

राहण्याच्या भाड्याखेरीज शहराचा पर्यटक-कर माणशी, रात्रीमागे द्यावा लागतो. तो बहुतेक ठिकाणी वेगळा आणि रोख मागतात.

३. पहिल्या संध्याकाळी आधी वर चढा

सामान टाकलं की लगेच गल्ल्यांत शिरू नका. मोंतेसांतोहून फ्युनिक्युलर घ्या. डोंगराच्या उतारावर दोराने ओढली जाणारी ही गाडी आहे. शहरात अशा चार आहेत, मोंतेसांतोची १८९१ पासून चालू आहे. तिकीट मेट्रोचंच चालतं. 'टी' अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात किंवा स्थानकावर ते मिळतं. कागदी तिकीट यंत्रात घालून ठसा उमटवायचा असतो. नुसतं विकत घेऊन खिशात ठेवलं तर दंड होतो.

वर मोर्गेन स्थानकावर उतरून सान मार्तिनोच्या मठासमोरच्या चौकात या. कठड्याशी उभं राहिलात की खाली सगळं शहर, उजवीकडे उपसागर, समोर दोन शिखरांचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी. आता खाली घरांच्या दाटीत नीट बघा. सुरीने कापल्यासारखी एक सरळ फट छपरांच्या मधून आरपार गेलेली दिसेल. तिचं नाव स्पाक्कानापोली, म्हणजे नापोलीला चिरणारी. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीकांनी इथे 'नवं शहर' म्हणून नेआपोलिस वसवलं तेव्हा तीन समांतर रस्ते आखले आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या अरुंद गल्ल्या. ती आखणी आजही जशीच्या तशी वापरात आहे. म्हणूनच १९९५ मध्ये युनेस्कोने हे जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

वरून ही रेघ एकदा डोळ्यांत बसली की पुढचे चार दिवस तुम्ही हरवत नाही. कुठल्याही गल्लीत असलात तरी उतार कुठे आणि रेघ कुठे हे मनात असतं. गुडघे चांगले असतील तर पेदामेंतिना नावाच्या ४१४ पायऱ्या उतरून खाली या. बागा, भिंतींवरच्या मांजरी, मधूनच समुद्र, फार सुंदर वाट आहे. आई फ्युनिक्युलरनेच उतरली.

४. रेघ धरून चाला, पण सकाळी

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला जेझू नुओव्हो चौकातून सुरुवात करा. वेळेला महत्त्व आहे. बरीच देवळं, म्हणजे चर्च, दुपारी साडेबारा-एकला बंद होतात ती चारच्या पुढे उघडतात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईच्या साडीला साहजिकच कुठेच अडचण आली नाही.

चौकातल्या जेझू नुओव्हो चर्चची दर्शनी भिंत हिऱ्याच्या पैलूंसारख्या टोकदार दगडांची आहे. समोर सांता क्यारा. ४ ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळलं, आणि मग मूळ गॉथिक रूपात पुन्हा उभं केलं. आत गेलात तर मागचा मठाचा चौक चुकवू नका. खांब आणि बाकं निळ्या-पिवळ्या रंगवलेल्या टाइलांची, त्यावर फळं, वेली, शेतकरी, कोळी. मध्ये संत्र्या-लिंबांची झाडं. तिकीट आहे, पण तासभर बसायला जागा मिळते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर हा तास जपून ठेवा.

सान्सेवेरो चॅपेलचं तिकीट मात्र घरूनच, काही आठवडे आधी काढा. दारावर जाऊन मिळेल या आशेवर राहू नका. जुझेप्पे सान्मार्तिनो याने १७५३ मध्ये कोरलेला, पातळ वस्त्राखाली निजलेला ख्रिस्त तिथे आहे. वस्त्रही संगमरवराचंच. कपाळावरची शीर त्या कापडाखालून दिसते. फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे, कारण माणसं तिथे खरंच गप्प उभी राहून बघतात.

पुढे रस्त्यालगत एक दाढीवाला पुतळा पहुडलेला दिसेल. तो नाईल नदीचा देव. रोमन काळात या भागात अलेक्झांड्रियाचे व्यापारी राहत असत, त्यांनी तो बसवला. इथे दोन मिनिटं थांबा आणि हे अलेक्झांड्रिया लक्षात ठेवा. शेवटच्या पायरीवर त्याचा संबंध थेट मराठवाड्याशी लागणार आहे.

मग डावीकडे सान ग्रेगोरियो आर्मेनोच्या गल्लीत वळा. इथे प्रेसेपे बनवणाऱ्यांची दुकानं आणि कारखाने आहेत. प्रेसेपे म्हणजे नाताळात घरोघरी मांडायचा येशूजन्माचा देखावा. पण नुसता गोठा नसतो. बुचाच्या सालीचे डोंगर, शेवाळाचं गवत, विहीर, भटारखाना, भाजीवाली, मासेविक्या, पाणी खेळवलेला ओढा. आई दुकानासमोर थांबली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला दिवाळीतला किल्ला!" अगदी खरं. आपण मावळे मांडतो, हे मेंढपाळ मांडतात. पेणला गणपतीच्या कारखान्यात जशी वर्षभर माती मळली जाते तशी इथेही बाराही महिने बोटं चालू असतात.

घ्यायचं असेल तर एकच बाहुली घ्या, बेनीनोची. हा झोपलेला मेंढपाळ पोरगा देखाव्याच्या वरच्या टोकाला ठेवतात, कारण खालचा सगळा देखावा हे त्याचं स्वप्न आहे अशी समजूत आहे. विकत घेण्याआधी "तेर्राकोत्ता?" एवढं विचारा आणि हातात घेऊन बघा. भाजलेल्या मातीची बाहुली जड आणि थंड लागते. प्लास्टिकची लगेच कळते.

गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर काचेच्या देवळ्या दिसतील. आत मदोन्ना, म्हणजे मेरी माता, किंवा संत, पुढे दिवा, फुलं, घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो. अठराव्या शतकात रस्त्यावरचे दिवे चोर फोडत असत. तेव्हा पाद्री रोक्को यांनी दिव्यांच्या जागी देव बसवायला लावले, शेजारपाजारच्यांनी तेल घालायची जबाबदारी घेतली आणि दिवे टिकले. शेजारी तळमजल्याच्या एकखणी घरांचे दरवाजे थेट रस्त्यावर उघडतात. त्यांना 'वाशो' म्हणतात. दार उघडं दिसलं तरी तो कुणाच्या तरी घरातला पलंग आणि देवघर आहे. आत मोबाइल रोखून फोटो काढू नका. नमस्कार केलात तर बहुतेक वेळा माणूस हसतो, कधी खुर्ची पुढे करतो.

वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपलीही खाली येताना दिसेल. भाजीवाला तीत पाव, टोमॅटो ठेवतो, टोपली वर जाते. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत याच टोपल्या लोकांनी गरजूंसाठी खाली सोडल्या होत्या. ज्याला जमेल त्याने ठेवावं, ज्याला नसेल त्याने घ्यावं, असं त्यावर लिहिलेलं असायचं.

५. मग जमिनीखाली

सान गाएतानो चौकात ग्रीकांचा बाजारचौक होता, पुढे तिथेच रोमन फोरम झाला. सान पाओलो चर्चच्या दारात उभे असलेले दोन उंच खांब हे तिथल्या जुळ्या देवांच्या देवळाचे. बाकीचं देऊळ १६८८ च्या भूकंपात पडलं. समोरच्या सान लोरेंझोच्या पोटात रोमन बाजारगल्ली आहे, दुकानांच्या ओट्यांसह. थोडेच जिने आणि मोकळी हवा असल्यामुळे वयस्करांसाठी हीच निवडा.

ज्यांना पायऱ्या चालतात त्यांनी शेजारच्या भुयारी नापोलीत उतरावं. १३६ पायऱ्या, जवळपास ४० मीटर खोल. इथला पिवळा, मऊ ज्वालामुखी दगड कापून वर घरं बांधली आणि खाली राहिलेल्या पोकळ्यांत पाणी साठवलं. म्हणजे जेवढं शहर वर आहे त्याचा साचा खाली आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडत असताना हजारो माणसं याच टाक्यांत राहिली. भिंतींवर त्यांनी कोरलेल्या रेघोट्या आहेत. एका टप्प्यावर वाट अगदी चिंचोळी होते, आडवं होऊन जावं लागतं. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी आधीच सांगावं, तो भाग सोडता येतो. याच फेरीत एका वाशोत नेतात, तिथला पलंग सरकवला की खाली झडप आणि झडपेखाली रोमन नाट्यगृहाचे अवशेष. खाली गारवा असतो, शाल घ्या.

६. खाणं

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण शाकाहारी मराठी माणूस इटलीत आठवडाभर बटाट्याच्या काचऱ्यांवर काढतो हे मी पाहिलं आहे. नापोलीत त्याची गरज नाही.

आईने मांस, मासे, अंडी तिन्ही वर्ज्य ठेवून सहा दिवस व्यवस्थित जेवण केलं. पहिली गोष्ट, मारिनारा पिझ्झा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल. चीज नाही. नापोलीच्या पिझ्झ्याच्या पिठात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढंच असतं, चरबी किंवा अंडं नाही. लाकडाच्या भट्टीत तो दीड मिनिटाच्या आत भाजला जातो, कडा फुगते आणि त्यावर काळे ठिपके येतात. ते करपणं नव्हे, आपल्या भाकरीला जसे डाग पडतात तसं. मधला भाग ओलसर, लवचिक असतो. कुरकुरीत हवा म्हणून परत पाठवू नका. पिझ्झा करणाऱ्यांची ही हातोटी २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. साधारण ५ ते ८ युरोत एकाचं पोट भरतं. नावात मात्र एक फसगत आहे. 'नापोली' नावाच्या पिझ्झ्यावर खारवलेले छोटे मासे असतात.

वाळवलेला पास्ता गव्हाच्या रव्याचा असतो, त्यात अंडं नसतं. शेजारचं ग्रान्यानो गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. चण्याचा पास्ता आणि घेवड्याचा पास्ता हे इथलं घरचं जेवण. दाट, आमटीसारखं, चमच्याने खायचं. पण काही ठिकाणी फोडणीत डुकराच्या मांसाचा तुकडा घालतात, म्हणून विचारावंच लागतं. फ्रियारिएल्ली ही कडवट पालेभाजी लसूण-मिरचीवर परतलेली मिळते. आईने पावाबरोबर दोनदा मागवली. ती बहुधा सॉसेजबरोबर देतात, तेव्हा "सोलो फ्रियारिएल्ली", नुसती भाजी, असं स्पष्ट सांगा.

विचारायचं कसं? हे वाक्य कागदावर लिहून न्या : "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा प्रोश्युत्तो, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा, सेन्त्सा स्त्रुत्तो." म्हणजे मांस, हॅम, मासे, अंडी आणि डुकराची चरबी यांच्याशिवाय. हॅमचं नाव वेगळं घ्यावं लागतं, काहींच्या लेखी ते मांसात धरलेलं नसतं. चरबीचं तर घ्यावंच लागतं, कारण दिसायला निष्पाप असलेल्या कितीतरी गोष्टींत ती असते. मिरी-बदामाचे कुरकुरीत ताराल्ली, पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला, सणाची पास्तिएरा, तिन्हींमध्ये परंपरेने चरबी घालतात. मला या पास्तिएराची फार हळहळ वाटली. शिजवलेला गहू, ताजं रिकोत्ता चीज, संत्र्याच्या फुलांचा अर्क, चव थेट गव्हाच्या खिरीजवळ जाणारी. ती मी एकटीने खाल्ली. बाबा नावाची मिठाई रममध्ये बुडवलेली असते, तीही कळलेली बरी. चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी मारिनारा, भाज्या आणि कडधान्यांवर राहावं.

एकादशी आली तेव्हा बाजारातली अंजिरं, द्राक्षं आणि घरून नेलेला राजगिऱ्याचा लाडू यावर भागलं. पिन्यासेक्का हा मोंतेसांतोजवळचा भाजीबाजार त्यासाठी उत्तम. फळांना आपण हात लावायचा नाही, विक्रेत्याला सांगायचं.

खाणावळीत बिलावर 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो लागतात, ती बसण्याची रक्कम असते, फसवणूक नव्हे. रात्रीचं जेवण आठच्या आधी फारसं कुठे मिळत नाही.

कॉफी उभ्याने प्यायची. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, ती काउंटरवर ठेवायची. सोबत पाण्याचा छोटा ग्लास येतो, तो कॉफीच्या आधी प्यायचा, म्हणजे तोंड स्वच्छ होऊन चव लागते. कप गरम असतो, ओठ जपा. दोन-तीन घोटांत संपवून निघायचं. टेबलावर बसलात तर भाव वाढतो. इथे एक जुनी रीत आहे, 'काफे सोस्पेसो'. आपल्या एका कॉफीबरोबर दुसरीचे पैसे देऊन जायचे, नंतर ज्याच्याकडे पैसे नसतील त्याला ती मिळते. आईने शेवटच्या दिवशी ते दिले. तिला भाषा येत नव्हती, दोन बोटं वर करून एक बोट दाराकडे दाखवलं. काउंटरवरच्या माणसाने छातीवर हात ठेवला.

७. बोलायचं कसं

दुकानात शिरताना "बुओन्जोर्नो", दुपारनंतर "बुओनासेरा". हे न बोलता थेट भाव विचारणं उद्धट समजतात. "चाओ" ओळखीच्या माणसाला. गर्दीतून वाट काढताना "पेर्मेस्सो".

आणि हे मला फार आवडलं. पुस्तकी इटालियनमध्ये आदरासाठी 'लेई' असं तृतीयपुरुषी सर्वनाम वापरतात. नापोलीत मात्र वडीलधाऱ्यांना 'वोई' म्हणतात, म्हणजे अनेकवचन. आपलं 'तुम्ही' जसं एका माणसाला आदराने अनेकवचनात बोलवतं, अगदी तसं. आईला सगळे "सिन्योरा, वोई" म्हणायचे. शब्द कळला नाही तरी तिला त्यातला मान कळत होता.

८. खिसा, रस्ता आणि रात्र

पाकीटमार आहेत, मुख्यतः गारिबाल्दी चौकात आणि पॉम्पेईच्या लोकलमध्ये. पासपोर्ट खोलीवर, झेरॉक्स जवळ, पैसे दोन ठिकाणी, पर्स समोर. मोबाइल हातात धरून रस्त्याच्या कडेने चालू नका. एवढं पाळलं की पुरे. दादर स्थानकावर आपण जेवढं सावध असतो तेवढंच. आम्ही दोघी बायका रात्री दहापर्यंत दांते आणि बेल्लीनी चौकात फिरलो. तिथे पोरंबाळं, आजीआजोबा सगळे बाहेर असतात.

रस्ता ओलांडताना पुणेकरांना वेगळं शिकवायला नको. गाडीवाल्याच्या डोळ्यात बघून, न थबकता, एकसारख्या चालीने पुढे जायचं. मध्येच मागे फिरलात तर घोटाळा होतो. रस्त्याची फरसबंदी काळ्या लाव्हादगडाची आहे, आपल्या सह्याद्रीच्या पाषाणासारखाच रंग. पावसात ती साबणासारखी निसरडी होते. जाड रबरी तळव्याचे बूट न्या.

दमलात तर तोलेदोच्या मेट्रो स्थानकात उतरा. २०१२ मध्ये उघडलेलं हे स्थानक ५० मीटर खोल आहे, आणि सरकता जिना निळ्या मोझेइकच्या खाली खाली समुद्रात शिरल्यासारखा जातो. गाडी पकडायची नसली तरी बघा.

९. शेवटी पॉम्पेई, आणि मग संग्रहालय

पॉम्पेईला जायला गारिबाल्दीच्या तळघरातून सोरेंतोच्या दिशेची चिर्कुमव्हेसुव्हियाना लोकल घ्या आणि 'पॉम्पेई स्कावी – विल्ला देई मिस्तेरी' इथे उतरा. साधारण ३५-४० मिनिटं. त्याच नावाचं आधुनिक गावाचं स्थानक वेगळ्या मार्गावर आहे, तिथे उतरू नका. दिवसाला २०,००० जणांनाच प्रवेश आहे आणि तिकिटावर नाव लागतं, म्हणून आधी काढून ठेवा. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. सावली जवळजवळ नाही, पण पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली न्या. ६६ हेक्टरांचं शहर आहे, त्यातलं तिसऱ्या हिश्श्याएवढं अजून मातीखालीच. सगळं बघायचा हट्ट धरू नका. आबोन्दान्झा नावाचा मुख्य रस्ता धरा, एक भटारखाना, एक स्नानगृह, एक मोठं घर एवढं मन लावून बघा.

याच आबोन्दान्झा रस्त्यावरच्या एका घरात १९३८ मध्ये हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. उंची वीतभरापेक्षा थोडी जास्त, सुमारे २४ सेंटिमीटर. ती आता नापोलीच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. म्हणून संग्रहालय पॉम्पेईच्या नंतर ठेवायचं. आधी रिकामी घरं बघितलेली असली की मग त्यातल्या वस्तू बोलतात. तिथे त्या घरांतली भिंतीचित्रं आहेत, चांदीची भांडी आहेत, इ.स. ७९ च्या उद्रेकात कोळसा झालेला आठ फाकांचा गोल पाव आहे.

हस्तिदंती मूर्तीसाठी 'गाबिनेत्तो सेग्रेतो' विचारा. पॉम्पेईतली शृंगारिक चित्रं आणि वस्तू ठेवलेलं हे वेगळं दालन आहे. कुटुंबाबरोबर असाल तर आधी कळलेलं बरं. मूर्ती कधीकधी प्रदर्शनासाठी बाहेर जाते, तेव्हा तिकीटखिडकीवरच चौकशी करा. आम्हाला ती बघायला मिळाली. हातभर बांगड्या, पायात जड तोडे, कमरेला मेखला, एक हात डोक्यामागे, दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी. डोक्यात वरून छिद्र आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय. लक्ष्मी की यक्षी यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या त्या आपल्याकडे. एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला, आणि एक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे जुन्या तगरला. त्यामुळे ही मूर्तीही सातवाहनांच्या मुलखात कोरली गेली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. तगर आणि पैठणचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे, तिथून जहाजाने तांबडा समुद्र, मग नाईल, अलेक्झांड्रिया, आणि तिथून नापोलीशेजारच्या पोत्सुओलीच्या बंदरात. रस्त्यावरचा तो पहुडलेला नाईल आठवा.

आई त्या काचेसमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "पाटल्या बघ कशा, कोपरापर्यंत." 

परत आल्यावर एक दिवस तेरसाठी काढा. धाराशिवहून जवळ आहे, गोरोबाकाकांचं गाव म्हणून पुष्कळांना ठाऊक असेल. तिथल्या लामतुरे संग्रहालयात तिची बहीण आहे. आम्ही कार्तिकी वारीनंतर गेलो, गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं आणि मग संग्रहालयात.